केस कापणाऱ्याचा कुत्रा

आमच्या रस्त्याच्या टोकाला, औषधांच्या दुकानाला लागून, अप्पांचे केस कापण्याचे दुकान आहे. आत दोन खुर्च्या, दोन आरसे, एक लाकडी बाक आणि भिंतीवर दरपत्रक. काम एकाच खुर्चीवर चालते. दुसरी अप्पांनी अकरा वर्षांपूर्वी एका मदतनिसाच्या भरवशावर घेतली होती. मदतनीस दोन महिन्यांत दुसरीकडे गेला आणि खुर्ची मागे राहिली. तिचे पैसे घरखर्चातून गेले होते. अप्पांच्या पत्नी, ज्यांना आम्ही सगळी गिऱ्हाइके काकू म्हणतो, त्या खुर्चीविषयी फारसे बोलत नाहीत. दुकानात आल्या की न चुकता तिच्यावर बसतात, इतकेच. "एवढे पैसे गेलेत, बसून तरी घेते," असे एकदा त्या म्हणाल्याचे मी ऐकले आहे.

सोमवारी दुकान बंद असते. त्या दिवशी अप्पा एका लहान पेटीत सामान भरून, ज्यांना घराबाहेर पडता येत नाही अशा वृद्धांचे केस त्यांच्या घरी जाऊन कापतात. त्यांत एक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांच्याजवळ लांब पांढऱ्या केसांचा, मांडीवर मावेल एवढा एक कुत्रा होता. डोळे शिवलेल्या बटणांसारखे काळे आणि गोल, म्हणून त्याचे नाव बटण. प्राध्यापकांचे केस कापले जात असताना तो खुर्चीखाली, पडणाऱ्या केसांत बसून राही आणि काम संपले की अप्पांच्या पेटीला टेकून उभा राही. असे चार वर्षे चालले. मग प्राध्यापक गेले. दूरगावी राहणारी त्यांची मुलगी घर आवरायला आली, आणि कुत्र्याचे काय करायचे असा प्रश्न तिने खोलीतल्या चार माणसांसमोर ठेवला. "मी नेतो," असे म्हणणारा आवाज आपलाच आहे हे अप्पांना बोलून झाल्यावर कळले.

घरी काकूंनी दार उघडले आणि खाली पाहिले.

"कुणाचं हे?"

"सरांचं."

"सर तर गेले."

"म्हणून तर."

काकू पाळणाघरात काम करतात. दिवसभर दुसऱ्यांची मुले सांभाळून आलेल्या बाईला घरी आणखी एक सांभाळायला नको होते, यात नवल नाही. तरी त्यांनी नाही म्हटले नाही. त्यांनी अट घातली.

"राहू दे. पण एक ऐकून ठेवा. दर रविवारी दुकानातून जी ठरलेली रक्कम माझ्या हातात येते, ती तशीच आली पाहिजे. याचं खाणं, औषध, सुया, सगळं तुमच्या उरलेल्यातून. घरखर्चाला हात लागला, तर त्या दिवशी हा दुसरं घर बघेल. खुर्चीच्या वेळी तुम्ही म्हणाला होतात, एवढ्या एका वेळी."

"ती गोष्ट वेगळी होती."

"दर वेळी वेगळीच असते."

अप्पांचे उरलेले म्हणजे सोमवारची कमाई, गिऱ्हाईक खूश होऊन वर देते ते, आणि ठरलेली रक्कम दिल्यावर दुकानाचे जे काही हाती राहील ते. हे सगळे ते पावडरीच्या एका रिकाम्या डब्यात टाकू लागले. आणि मग या माणसाने, ज्याने आयुष्यात कधी स्वतःच्या चष्म्याची किंमत दुसऱ्या दुकानात विचारली नव्हती, कुत्र्याच्या खर्चाचा असा काही अभ्यास केला की आम्हा बाकावरच्यांना त्यातून बरेच शिकायला मिळाले. जनावरांच्या दवाखान्यात महिन्यातून एक दिवस लस कमी पैशांत टोचतात, तो दिवस त्यांनी पाठ केला. जंतांची गोळी वजनावर ठरते, म्हणून आधी फुकट वजन करून घ्यायचे आणि मगच गोळी घ्यायची. नखे कापायला त्यांनी डॉक्टरीणबाईंकडून एकदा नीट शिकून घेतले, कारण नखातली लाल शीर कुठे थांबते ते दिसले की पुढचे काम त्यांना अवघड नव्हते. माझ्या लहानपणी आमच्या गावाकडच्या घराच्या दारात जी कुत्री असत, त्यांचा औषधोपचार म्हणजे त्यांनी स्वतःची जखम स्वतः चाटणे. त्यामुळे एका कुत्र्यामागे एवढे काही असू शकते हे मला अप्पांच्याच दुकानात कळले.

फक्त एक खर्च त्यांच्या हाताबाहेर होता. दर सहा आठवड्यांनी बटणला चौकापलीकडच्या काचेच्या दाराच्या दुकानात न्यावे लागे. तिथे एक तिशीची बाई कुत्र्यांना आंघोळ घालते, विंचरते, त्यांचे केस कापते. प्राध्यापकांच्या वेळेपासून बटण तिच्याकडेच जात होता, आणि अप्पांनी ती रीत चालू ठेवली. मग एके दिवशी तिने भाव वाढवला. नवा आकडा ऐकून अप्पांनी मनातल्या मनात भागाकार केला. त्यांच्या दुकानात आठ माणसांचे केस जेवढ्यात कापून होत, तेवढे ती एका कुत्र्याचे घेत होती.

"माणसाच्या डोक्यापेक्षा कुत्र्याचं शेपूट महाग झालं," असे ते दुसऱ्या दिवशी दुकानात म्हणाले. बाक हसला. कुणीतरी म्हणाले, "अप्पा, तुम्ही चाळीस वर्षं कात्री चालवताय आणि तुमचा कुत्रा बाहेर हजामत करतो, हे शोभतं का?" हे बोलणे थट्टेचे होते, पण अप्पांच्या ते मनात राहिले.

पुढच्या सोमवारी त्यांनी बंद दुकान उघडले आणि दार आतून लावून घेतले. लहान मुलांना उंच बसवण्यासाठी खुर्चीच्या हातांवर आडवी ठेवतात ती फळी त्यांनी दुसऱ्या खुर्चीवर टाकली आणि बटणला तिच्यावर उभे केले. मग चाळीस वर्षे प्रत्येक डोक्याला जे केले तेच त्यांनी त्याला केले. फवाऱ्याने केस नीट ओले केले. कोरड्या केसाला कात्री लावणे हा त्यांच्या मते आळशीपणा होता. शिकाऊ असताना या एका गोष्टीसाठी त्यांनी मार खाल्ला होता. ओले केस कंगव्याने वरून सारखे बसवले आणि बोटांच्या चिमटीत धरून कापले. बटण शहाण्यासारखा उभा राहिला. पाऊण तासाने तो इतका देखणा दिसू लागला की अप्पांनी मागचा आरसा धरून त्याला मान दाखवली.

काकूंनीही मान्य केले. "छान झालाय. सहा आठवड्यांचे वाचले," त्या म्हणाल्या. त्या दोन वाक्यांवर अप्पांनी पुढचे कितीतरी दिवस काढले. केस पुन्हा विस्कटू नयेत म्हणून ते दर दोन दिवसांनी फवारा मारून बटणला वरून विंचरत. गिऱ्हाइके कौतुक करत. एक गृहस्थ म्हणाले, "माझे असे कधी कापले नाहीत." अप्पा म्हणाले, "तुम्ही असे उभे राहत नाही."

चौथ्या आठवड्यात बटण कानामागे खाजवू लागला. मग काखेत. मग त्याला वास येऊ लागला. अप्पांनी पावडर लावली, म्हणजे दाढीनंतर लावतात ती. दोन दिवसांनी त्याने पुढचा उजवा पाय टेकायचे सोडले आणि खाण्याकडे पाठ फिरवली, तेव्हा अप्पा दुकान अर्ध्यात बंद करून दवाखान्यात गेले.

डॉक्टरीणबाईंनी बटणच्या पाठीवर कंगवा ठेवला आणि खाली दाबला. तो वरच्या बोटभर केसांत गेला आणि तिथेच अडला. त्यांनी केस बाजूला सारून अप्पांना दाखवले. वरच्या रेशमाखाली, कातडीला चिकटून, दाबलेल्या लोकरीच्या जाड नमद्यासारखा एक थर झाला होता. काखेत तो उचलला तर खालची कातडी लाल, ओलसर आणि सोललेली.

"आधी पाणी मारलं होतं का?"

"पाणी मारल्याशिवाय मी कात्री लावत नाही," अप्पा म्हणाले. हे त्यांनी अभिमानाने सांगितले, कारण प्रश्नाचा रोख त्यांना अजून कळला नव्हता.

"माणसाचं ठीक आहे हो. याच्या खालच्या केसांत आधीच गुंता होता. गुंता भिजला की आवळतो, लोकर आवळते तसा. वरून विंचरलंत म्हणून दिसला नाही. आत ओल राहिली, तिथे कातडी कुजायला लागली."

पुढे कधीतरी मला सांगताना ते म्हणाले, "चाळीस वर्षांत कुणाचा कान कापला नाही मी. आणि ज्याला बोलता येत नाही त्याच्याच अंगावर ही कारागिरी दाखवली."

डॉक्टरीणबाईंनी कागदावर लिहायला सुरुवात केली: भूल देऊन सगळे केस काढणे, कातडीची तपासणी, रक्ताची तपासणी, सुई, दोन आठवड्यांच्या गोळ्या, औषधी साबण, गळ्यात घालायची शंकूसारखी पट्टी. प्रत्येकापुढे आकडा. अप्पा तो कागद उलटा वाचत होते. त्यांच्या व्यवसायात भाव भिंतीवर लिहिलेला असतो आणि त्यावर कुणी बोलत नाही, म्हणून दुसऱ्याच्या भावावर बोलणे त्यांना लाजिरवाणे वाटे. "जे लागेल ते करा," ते म्हणाले.

बाईंनी लेखणी थांबवली. "अप्पा, खरं सांगा. आज किती आहेत? मला कळलं तर मी तशी मांडणी करते. न सांगता अर्ध्यातून गोळ्या बंद करणारी माणसं मी रोज बघते."

अप्पांनी डब्यात होते तेवढे सांगितले. बाईंनी न हसता, कपाळाला आठी न घालता कागदावर रेघा मारल्या. रक्ताची तपासणी आज नको. आठ दिवसांत उतार पडला नाही तरच. भूल टाळता येईल, जर कुणी जागेपणीच धीराने केस काढले तर. "माझ्यापेक्षा ते काम पार्लरवाली चांगलं करते आणि स्वस्तात करते. तिच्याकडे जा, आत्ताच जा. कातडीची तपासणी, सुई आणि गोळ्या सोडता येणार नाहीत. त्यातले अर्धे आज द्या, अर्धे पंधरा दिवसांनी दाखवायला याल तेव्हा."

बटणला उचलून घेऊन अप्पांनी पार्लरचे काचेचे दार ढकलले. त्या बाईने त्यांना पाहिले, बटणला पाहिले आणि टेबल पुसायला घेतले.

"या. शेपूट महाग झालं म्हणे."

अप्पांनी मान खाली घातली. "तुमच्यापर्यंत आलं वाटतं."

"माझे दीर तुमच्याकडे दाढी करतात. ठेवा त्याला इथे. मान तुम्ही धरा, ते तुम्हाला जमेल."

पुढचा सव्वा तास अप्पांनी दुसऱ्याचे काम पाहिले. ती पाण्याला शिवली नाही. यंत्राचे पाते कातडीला सपाट लावून, गुंत्याच्या वरून नव्हे तर खालून, ती बोटभर पुढे जाई. दर दोन मिनिटांनी पाते स्वतःच्या मनगटाला लावून बघे आणि गरम लागले की दुसरे बसवी. काखेत आली तेव्हा तिने यंत्र बाजूला ठेवले आणि केस जवळजवळ एकेक करून काढले. बटण कण्हला की ती थांबे. सगळा थर एका तुकड्यात, अंगरखा उतरवावा तसा, टेबलावर पडला. आतून निघालेला कुत्रा निम्मा होता आणि लाल डागांनी भरलेला.

"रोज विंचरता का?"

"दोन दिवसांनी."

"वरून?"

"वरूनच." थोडे थांबून अप्पांनी विचारले, "तुम्ही भाव वाढवलात तेव्हा लोक काही बोलले नाहीत?"

"बोलले की. तुम्हीच बोललात." तिने पाते पुसले. "पाटी बदलताना मीही दोनदा विचार केला. पण एका कुत्र्याला सव्वा तास लागतो. मधे कुणी चावतं. पाती झिजतात. हे मी नाही सांगायचं तर कुणी सांगायचं? तुम्ही शेवटचा भाव कधी वाढवलात?"

अप्पांना आठवावे लागले. "सात वर्षं झाली असतील."

"मग तुम्ही स्वस्त आहात. मी महाग नाही," ती म्हणाली, आणि ठरलेले सगळे पैसे मोजून घेतले.

संध्याकाळी काकू पाळणाघरातून आल्या तेव्हा बटण गळ्यात पट्टी घालून कोपऱ्यात बसला होता. अप्पांनी सगळे सांगितले. पाणी, गुंता, कातडी, आणि पंधरा दिवसांत द्यायचे राहिलेले पैसे. डबा रिकामा आहे हेही सांगितले. काकूंनी जवळ बसून बटणच्या काखेतले डाग पाहिले.

"दुखत असेल," त्या म्हणाल्या.

"गोळ्यांनी उतरेल म्हणाल्या बाई." मग अप्पा म्हणाले, "या वेळी जर घरातून..."

"नाही."

"पुरतं ऐक तरी."

"ऐकलं. एवढ्या एका वेळी, असंच ना? मी बोललेलं फिरवलं तर उद्या माझ्या बोलण्याला किंमत काय? याला त्रास व्हावा असं मला वाटत नाही हो. पण घर माझ्या हातावर चालतं, आणि त्यातून एकदा वाट मोकळी झाली की ती बंद होत नाही. तुमचं तुम्ही बघा. पंधरा दिवस आहेत. नाहीच जमलं, तर आमच्या पाळणाघरातली एक आई घेईल याला, तिची मुलगी मागतेय."

म्हणजे विचारून झाले होते. अप्पांना त्या रात्रीच्या जेवणाची चव लागली नाही. पाळणाघरातल्या आईचे घर प्रशस्त होते, हेही काकूंनीच सांगितले, आणि ते खरे असावे.

आठवडा त्यांनी इकडेतिकडे बघण्यात घालवला. सोमवारची घरे दोनाची तीन करता येतील का पाहिले. नवे घर मिळाले नाही. रिकामी खुर्ची विकायला काढली. भंगारवाल्याने सांगितलेला आकडा ऐकून ती तशीच ठेवली. शेवटी रविवारी सकाळी, गिऱ्हाइके यायच्या आधी, त्यांनी स्टुलावर चढून दरपत्रकावर नवे आकडे चिकटवले. प्रत्येक आकडा जुन्याच्या सव्वापट होता. मग खाली उतरून ते आरशाकडे तोंड करून उभे राहिले, जणू पाटी दुसऱ्याच कुणी लावली होती.

रविवार म्हणजे बाक भरलेला. पहिली पाच मिनिटे सगळे नवे आकडे वाचत होते. मग टायरच्या दुकानाचे मालक मान तिरकी करून म्हणाले, "अप्पा, पाटी बदललेली दिसते."

"हो."

"कुत्र्याचा दवाखाना आमच्या डोक्यांवर काढताय म्हणा ना."

"तसंच समजा," अप्पा म्हणाले. "दवाखाना निमित्त झाला. वाढवायला सात वर्षं उशीर झाला, ते खरं कारण."

"तुमच्या हाताला काही झालंय का? नवीन काही करता येतं का आता?"

"जुनंच करतो. तेच तुम्ही तिकडे चौकातल्या सलूनमध्ये करून बघा, मग सांगा."

टायरवाले उठले, दारापर्यंत गेले, बाहेरच्या उन्हाकडे पाहून परत आले आणि होते तिथेच बसले. "एवढ्या लांब कोण जाणार," ते म्हणाले. बाक हसला आणि मोकळा झाला. सगळेच असे परतले नाहीत. औषधांच्या दुकानातला हिशेबनीस त्या दिवसानंतर आला नाही, तो अजूनही आलेला नाही. समोरून जाताना मान वळवतो. त्याचे अप्पांना आजही वाईट वाटते. सोमवारच्या म्हाताऱ्या माणसांचा भाव मात्र त्यांनी वाढवला नाही, आणि ही गोष्ट त्यांनी दुकानात कुणाला सांगितली नाही. मला ती काकूंकडून कळली.

त्या रविवारी संध्याकाळी काकूंची ठरलेली रक्कम त्यांच्या हातात पडली. पुढच्या रविवारीही पडली. आणि पंधराव्या दिवशी अप्पा दवाखान्यात गेले, तेव्हा राहिलेले अर्धे पैसे त्यांच्या खिशात होते, सुट्टे आणि चुरगळलेले, पण पुरे. बटणचे डाग सुकले होते. बारीक पांढरी लव दिसू लागली होती. डॉक्टरीणबाईंनी पट्टी काढली आणि बजावले: रोज दहा मिनिटे, कोरड्या केसांत, भांग पाडून एकेक ओळ, कंगव्याचे दात कातडीला लागेपर्यंत. आंघोळ विंचरून झाल्यावर, आधी कधीच नाही. एवढे केले तर पार्लरवालीकडे सहाऐवजी दहा आठवड्यांनी गेले तरी चालेल.

घरी त्यांनी हे सांगितले, पावती दाखवली. काकूंनी ती वाचली, घडी घालून परत दिली.

"भाव वाढलाय म्हणे," त्या म्हणाल्या.

"वाढलाय."

"सात वर्षं मी सांगत होते, तेव्हा ऐकलं नाहीत. याने न बोलता ऐकवलं."

"हो."

"मग पुढच्या महिन्यापासून माझीही रक्कम वाढेल."

अप्पांनी मान हलवली. पाळणाघरातल्या त्या मुलीच्या आईला काय सांगितले, हे त्यांनी विचारले नाही. दुसऱ्या दिवशी काकूंनीच भांडी पुसता पुसता, दुसऱ्याच कशाविषयी बोलत असताना सांगितले की त्या मुलीला आता मांजर हवे आहे.

आता रोज दुकान बंद केल्यावर अप्पा घरी स्वयंपाकघराच्या फरशीवर बसतात आणि बटणच्या अंगावर ओळ पाडून कोरडा कंगवा चालवतात. केस बोटभर वाढले आहेत. पाठीला तो शांत राहतो. कानामागे आले की मान काढून घेतो, आणि दोन हातांत कंगवा, केस आणि मान हे सगळे मावत नाही. पहिले काही दिवस अप्पांनी एकट्याने झटापट केली. मग एके दिवशी काकू गॅस बंद करून खाली बसल्या. रडणाऱ्या मुलाला औषध पाजताना धरतात तशी त्यांनी बटणची हनुवटी तळव्यात धरली.

"करा लवकर. भात निवतोय."

"लवकर करायचं नसतं हे. डॉक्टरीणबाईंनीच सांगितलंय."

"मग सावकाश करा," काकू म्हणाल्या, आणि दुसऱ्या हाताने त्याचा कान वर उचलून धरला.